सुमनताईंचं ताक

चिखलीत वर्कशॉपच्या गल्लीत सुमनताईंची मेस आहे. मी तिथेच जेवतो, त्यामुळे त्यांची जळफळ मला भाकरीबरोबर रोज वाढली जाते. जळफळ समोरच्या कस्तुरावर. बीडकडून आलेल्या त्या बाईने मेस काढली आणि तिच्या ताकाचं गल्लीत नाव झालं. खुद्द सुमनताईंचे यजमान हिंदुराव तिथे एकदा जेवून आले आणि घरी म्हणाले, "ताक लई भारी हाय." कुठे काय बोलावं याचं भान माणसाला हवं.

सुमनताईंनी त्यांनाच परत पाठवून बाटलीभर ताक आणवलं आणि त्याचंच विरजण लावलं. हे मला मागाहून कळलं. तेव्हा आमचं ताक एकदम सुधारलं एवढंच दिसलं. "आमचं घरचं जुनं विरजण हाय," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

मग गल्लीत तापाची आणि जुलाबांची साथ आली. मी सलाईनवर होतो, तर सुमनताई बघायला आल्या, त्याही खुशीत. "कस्तुराकडची घाण, दुसरं काय." मी कस्तुराकडे जेवतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आरोग्य खात्याच्या डॉक्टरबाईंनी आमचे आणि दोन्ही मेसमधले नमुने नेले. जंतूंची जनुकं वाचून कोणता जंतू कुठून आला हे हल्ली झटपट कळतं. मी बरा होऊन मेसवर आलो त्याच दिवशी बाईंनी दोघींना समोर बसवलं.

"आजाऱ्यांच्या पोटातला आणि तुमच्या दोघींच्या ताकातला जंतू एकच निघालाय. तुमचं दूध वेगळं, पाणी वेगळं. मग तो इकडून तिकडे गेला कसा? ते कळेपर्यंत दोन्ही मेस बंद."

सुमनताई पदराशी चाळा करत राहिल्या. खरं बोललं की कस्तुरा बुडणार होती, पण आमच्या ताकाचं श्रेयही तिलाच जाणार होतं.

"विरजण तिचं हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "मीच आणवलं."

कस्तुराच्या मेसला कुलूप लागलं. पण जाताना ती तोंडभर हसत म्हणाली, "म्हणजे ताई, दोन्हीकडं माझंच ताक पीत होते की लोक."

सुमनताईंची मेस आता पुन्हा सुरू आहे. ताक बंद आहे आणि हिंदुराव त्याचं नाव काढत नाहीत. भाकरी वाढता वाढता सुमनताई समोरच्या कुलपाकडे बघतात आणि मला विचारतात, "मेस तिची बंद पडली, मंग हसली कशी ती?"