धाबळीचं बिलियर्ड

समस्त सोवळ्या-ओवळ्या वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, पिठलं घट्ट करावं की पातळ यावरून ज्या घरात दोन-दोन दिवस अबोला चाले, त्या आमच्या घाटकोपरच्या घरात पन्नासच्या दशकात बिलियर्डचं टेबल विकत घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मत एकच होतं. ते माझ्या सासऱ्यांचं. बाकीच्यांच्या तोंडात तेव्हा घास होता.

माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं असेल. घरात आम्ही पाच माणसं: मामंजी, सासूबाई, माझा नवरा, मी, आणि मामंजींच्या थोरल्या विधवा बहीण, म्हणजे आत्याबाई. घर मामंजींच्या नावावर असलं तरी राज्य आत्याबाईंचं होतं. सकाळी आंघोळ करून त्या न्हाणीघरातून सोवळ्याने निघाल्या की पुढच्या खोलीतून देवघरापर्यंतचा रस्ता मोकळा करावा लागे. त्या वाटेत माझा नवरा दाढी करत असला तर गालाला साबण तसाच ठेवून अंगणात पळे.

मामंजी एका मोठ्या कंपनीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. कंपनीचा क्लब होता, क्लबात बिलियर्डचं टेबल होतं आणि टेबलाभोवती साहेब. मामंजींचे आकडे पक्के, आवाज खणखणीत, म्हणून कुठल्याशा साहेबाने एका संध्याकाळी त्यांना गुण मोजायला उभं केलं. ते उभेच राहिले. गोरे साहेब गेले, आपले आले, पण मामंजींची जागा भिंतीवरच्या फळ्याशेजारीच. खेळ त्यांना तोंडपाठ होता. जेवताना ताटाच्या कडेवर लिंबाची फोड आपटून ती कुठल्या कोनाने परत येते हे ते सासूबाईंना समजावून सांगत. सासूबाई ती फोड उचलून त्यांच्याच वरणात पिळत.

तर त्या दिवशी जेवताना मामंजी म्हणाले, "मुलुंडला एक गृहस्थ बंगला सोडून मुलाकडे नाशिकला चाललेत. त्यांच्याकडे बिलियर्डची दोन टेबलं आहेत. त्यातलं एक मी घेणार."

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"मारायला. जन्मभर दुसऱ्यांचं मोजलं. एकदा स्वतः मारून बघायचंय."

त्यांनी हे इतकं हळू सांगितलं की नवऱ्याने तयार ठेवलेला विनोद गिळला. आत्याबाई मात्र देवघराच्या उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होत्या.

"ठेवणार कुठे?"

"पुढच्या खोलीत, अक्का."

"म्हणजे माझ्या वाटेत. त्यावर कापड असतं म्हणे."

"असतं."

"माझा पदर लागला त्याला, तर मी पुन्हा आंघोळ करायची?"

इथे मामंजींना जे सुचलं त्याला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते. ते म्हणाले, "अक्का, ते लोकरीचं असतं. शुद्ध लोकर."

ज्यांच्या घरी सोवळं नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. सुती कापडाला कुणाचा हात लागला की ते बाटतं. रेशीम आणि लोकर बाटत नाही. म्हणून आत्याबाई थंडी असो, उकाडा असो, पूजेला धाबळी नेसत. धाबळी म्हणजे नेसायचं लोकरीचं लुगडं, आणि मुंबईच्या मे महिन्यात ती नेसणं ही स्वतंत्र तपश्चर्या. साहेबाच्या खेळाचं टेबल जन्मतःच सोवळं असतं हे ऐकून आत्याबाईंनी नेसत्या धाबळीचा काठ चिमटीत धरून चाचपला.

"मी बघायला येणार," त्या शेवटी म्हणाल्या.

रविवारी आम्ही पाचहीजण मुलुंडला निघालो. मामंजींनी कोट घातला होता. सासूबाईंनी हातात पेढ्यांचा पुडा घेतलेला पाहून मी विचारलं, "हे कुणाला?" तर म्हणाल्या, "रिकाम्या हाताने कसं जायचं, बघायला चाललोय ना." एकंदर थाट मुलगी बघायला निघाल्यासारखाच होता, फक्त इथे मुलीला चार खूर होते.

बंगल्याचे मालक अगदी अदबशीर म्हातारे गुजराती गृहस्थ. त्यांनी आधी दिवाणखान्यातलं मोठं टेबल दाखवलं. ते टेबल नव्हतंच, हिरवं कुरण होतं. कापडाखाली अखंड दगडाच्या लाद्या आणि पाय हत्तीचे. माझ्या नवऱ्याने खिशातून सुतळी काढली. तिला त्याने घरच्या खोलीच्या मापाच्या गाठी मारून आणल्या होत्या. सुतळी लावून बघितली आणि तो म्हणाला, "बाबा, टेबल मावेल. आपण अंगणात राहू."

मग मागच्या व्हरांड्यातलं छोटं टेबल. मालकांच्या मुलांसाठी केलेलं, लाकडी तळाचं, सुबक. सुतळी छान बसली. मामंजी त्याच्याभोवती हळूहळू फिरले. भिंतीवरची काठी काढावी म्हणून त्यांचा हात वर गेला आणि सवयीने थांबला.

"घ्या ना, साहेब," मालक म्हणाले.

साहेब म्हटल्यावर मामंजी मागे वळून बघायला लागले, कोण आलं म्हणून.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "काडेपेटी आहे का कुणाकडे?"

मालकांना वाटलं यांना उदबत्ती लावायची असेल. त्यांनी कौतुकाने काडेपेटी दिली. आत्याबाई खाली वाकल्या, टेबलाच्या कडेखाली खिळ्यांशी कापडाची जी किनार लोंबत होती तिचा एक धागा ओढला, सगळ्यांच्या देखत पेटवला आणि नाकाशी धरला.

"कागद जळल्यासारखा येतोय वास. हे सुती आहे."

"नहीं नहीं, माँजी," गोंधळून मालक हिंदीवर घसरले. "दोनों सेम कपडा."

आत्याबाई दिवाणखान्यात गेल्या आणि मोठ्या टेबलाचाही धागा पेटवला. केस जळल्याचा वास खोलीभर पसरला. त्यांचा चेहरा उजळला. "ही लोकर. हे टेबल चांगलं आहे रे. हे घे."

आता पंचाईत बघा. जे टेबल घरात मावत होतं ते धर्मात बसत नव्हतं, आणि जे धर्मात बसत होतं ते घरात मावत नव्हतं. सासूबाईंनी पेढ्यांचा पुडा मालकांना द्यावा की परत न्यावा या विचाराने तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

मामंजी वाद घालणारे असते तर बरं झालं असतं. ते छोट्या टेबलापाशी परत गेले, कापडावरून एकदा तळहात फिरवला आणि म्हणाले, "राहू दे. चला घरी." कोटाची बटणं लावायला लागले, तर ती आधीच लावलेली होती.

आत्याबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग मालकांना म्हणाल्या, "हे हिरवं फडकं काढून ठेवा तुमच्याकडे. नुसतं टेबल द्या."

"अक्का, कापडाशिवाय कसं खेळणार?"

"माझी जुनी धाबळी आहे ना. डाळिंबी. ती ठोक त्यावर."

मालकांना धाबळी म्हणजे काय हे समजावता समजावता पेढे संपले.

टेबल आलं. आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याने धाबळी ताणून ठोकली. काठ वाया जाऊ नयेत असा आत्याबाईंचा आग्रह होता, म्हणून एका बाजूने काठ गेला आणि दुसऱ्या बाजूला पदर. बिलियर्डचा लाल चेंडू त्या डाळिंबी रंगावर ठेवला की दिसेनासा होई. मामंजी म्हणाले, "मला दिसतो." मग आत्याबाईंनी नियम सांगितले. लोकर बाटत नाही हे खरं, पण ही धाबळी वर्षानुवर्षं देवापुढे बसलेली. तिला पारोशा अंगाने शिवायचं नाही. आंघोळ करायची, मुकटा, म्हणजे पुरुषांचं रेशमी सोवळं, नेसायचा आणि मग खेळायचं. काठी धुऊन घ्यायची. काठीच्या टोकाला लावायचा खडू चालेल, कारण ती एक प्रकारची रांगोळीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी आंघोळ करून, रेशमी मुकटा नेसून, उघड्या अंगावर जानवं, कपाळाला गंध, असे हातात ओली काठी घेऊन पुढच्या खोलीत आले. नवरा पारोसा असल्यामुळे खिडकीबाहेरून बघत होता. सासूबाई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. आत्याबाई जपाची माळ घेऊन देवघरात बसल्या होत्या, पण माळ हलत नव्हती.

रेशीम फार गुळगुळीत. मामंजी नेम धरायला वाकले की मुकटा कमरेवरून घसरे. ते काठी ठेवत, गाठ मारत, पुन्हा वाकत, तो पुन्हा घसरे. जानवं एकदा काठीत अडकलं ते वेगळंच. शेवटी ते सरळ उभे राहिले आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "मोजण्यातच बरं होतं."

तरी आणखी एकदा वाकले. या वेळी नेम असा जमला की बघणाऱ्यालाही कळावं. श्वास थांबला, काठी मागे गेली, आणि नेमकी तेव्हाच गाठ सैल झाली. त्यांचा डावा हात धाबळीवरून सुटून कमरेकडे निघाला.

तो लाल चेंडू कोपऱ्यातल्या जाळीत पडला, हे इतिहासाला धरून सांगते. खिडकीबाहेर माझा नवरा ओरडला, देवघरात माळ खाली पडली. पण आमच्या घरात तो चेंडू आज कुणाला आठवत नाही. माझ्या सासूबाई नवऱ्याशी सुनेसमोर कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, आणि चेंडू पडायच्या क्षणभर आधी त्या जे बोलल्या ते तेवढं सगळ्यांना पाठ आहे:

"अहो, सुटला तर सुटू दे मुकटा, तुम्ही आधी मारा."