डाव्या बाजूचा खोकला

त्या तबेल्यातल्या मोतद्दाराला सगळे खोकलेबुवा म्हणत. छातीचं दुखणं वगैरे काही नव्हतं. घोड्याच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी तो दोनदा खोकायचा, "खों... खों," आणि मग उंबऱ्याशी थांबायचा, जणू आतून कोणी "या, बसा" म्हणणार आहे.

"घोड्याला पाठीमागचं दिसत नाही," घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या मुलांना तो सांगे. "गुपचूप मागून गेलात की त्याला वाटतं, वाघ आला. तुम्ही वाघ नाही हे त्याला कळतं, पण लाथ मारून झाल्यावर! म्हणून आधी आवाज द्यायचा. कान तुमच्याकडे वळला की ओळख पटली. मग जा."

घरी बायको करवादायची. "घोडीच्या दारात खोकून जाता, आणि माझ्यामागे भुतासारखे उभे राहता. मला का नाही खोकून दाखवत?"

"तू लाथ मारत नाहीस म्हणून."

"अजून मारली नाही म्हणा!"

तांबड्या घोडीपाशी मात्र हा खोकला जरा जास्तच चाले, आणि तोही डाव्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी खरारा करताना त्याने तिच्या डाव्या डोळ्यासमोर बोट नेलं, तर पापणी लवली नाही. आंधळं जनावर इथे कोण ठेवणार? त्याने तोंड शिवून घेतलं आणि घोडीला आपला आवाज शिकवला. आधी खोकला, मग मानेवर तळवा, मग खोगीर. तिला हे इतकं अंगवळणी पडलं की तबेल्याच्या मालकीणबाई सगळ्यात लहान पोरं तिच्यावरच बसवत. "आमची ही गरीब गाय," म्हणत.

मग घोडेस्वारी शिकवायला नवे मास्तर आले. बूट असे चकचकीत की घोड्याने त्यात तोंड बघावं. बोलणं प्रश्नोत्तरी. "घोडा कशाने चालतो? शिस्तीने! शिस्त कोण लावतो? मी!" खोकलेबुवाचा खोकला त्यांनी पहिल्याच दिवशी उचलला. खांदे पाडून, मान पुढे काढून "खों... खों" केलं की मुलं हसून लोळायची. खोकलेबुवाही हसायचा. न हसून सांगतो कोणाला?

त्यात त्याच्याच डोळ्यात मोतीबिंदू निघाला. बायकोने हट्टाने शस्त्रक्रिया ठरवली. चार दिवसांची रजा. निघताना तो मास्तरांकडे गेला.

"मास्तर, तांबडीच्या डाव्या अंगाने जाताना तेवढं खोकून जा."

"का हो? तिला माझी तब्येत कळवायची आहे का?"

आजूबाजूला हशा पिकला. 'तिला दिसत नाही' हे शब्द त्याच्या ओठापर्यंत आले होते. त्याने ते गिळले. चार दिवसांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणाला.

परत आला तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती, मास्तरांची मांडी काळीनिळी होती, आणि तांबडी कोपऱ्यात आखूड बांधलेली होती. मास्तर डावीकडून गेले होते. पाठीवर अचानक हात पडल्यावर तिने लाथ झाडली. त्यांनी काठी चालवली. पुढची काठी तिला दिसली नाही, लागली तेवढी. मग तिने खोलीच्या फळ्याच फोडल्या.

"माजलीय ती. विकून टाकलीय, आजच तिला न्यायला गाडी येतेय," मालकीणबाई म्हणाल्या.

"माजली नाही, बाई. घाबरली. डावा डोळा गेलाय तिचा."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? आणि मी पोरं बसवत होते तिच्यावर? माझा नातू बसत होता!"

बाईंचं काही चुकत नव्हतं, हेच खोकलेबुवाला जास्त झोंबलं.

गाडी आली. फळी लावली. तांबडी पाय रोवून उभी राहिली. मास्तर लंगडत डावीकडे गेले आणि खोकले. हुबेहूब. डोळे मिटले असते तर खोकलेबुवालाही वाटलं असतं, आपणच. घोडीने कान मानेला चिकटवले आणि मागे सरली. मास्तरांनी काठी उचलली.

"थांबा," बाई म्हणाल्या. मग खोकलेबुवाकडे वळल्या. "तुम्ही चढवता, की त्यांनी चढवू?"

तो डाव्या अंगाला गेला. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

खों... खों.

चिकटलेले कान सुटले. डावा कान त्याच्याकडे वळला. दोन वर्षांत या खोकल्यामागून वाईट असं काही आलं नव्हतं. त्याने मानेवर तळवा ठेवला, तशी ती त्याच्या चालीने, ठेच न लागता, फळी चढून गेली.

"बघा! मुकाट गेली," मास्तर म्हणाले. "शिस्त!"

त्या संध्याकाळी खोकलेबुवा घरी आला, तेव्हा बायको शेगडीपाशी पाठमोरी होती. तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला. घशात आलेला खोकला त्याने दाबला; त्याच्या भरवशावर आज एक जण गाडीत चढून गेली होती. ती दचकली, ओरडायला वळली, आणि त्याचा चेहरा बघून तिने पाट पुढे सरकवला.