मुळाचं तोंड

तिकोणा पेठेहून आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. लोणावळ्यातल्या आमच्या अंगणात, भिंतीलगतची फरशी उचकटून बांबूचे कोंब वर येत होते, म्हणून आईने त्याला खणायला बोलावलं होतं. कोंब शेजारच्या काकूंकडूनच येतात, तेव्हा त्या ज्या बांबूच्या बेटाच्या सावलीत रोज बसतात ते त्यांनी काढून टाकावं, असा आईचा हट्ट होता. आमचं बेट बाबांनी दोन वर्षांपूर्वीच तोडलं होतं.

तो कुदळ कमी आणि बोटं जास्त वापरायचा. मुळावरची माती अंगठ्याने पुसत तो भिंतीपर्यंत आला आणि थांबला.

"ताई, ह्याचं तोंड बघा. काकूंकडं चाललंय. तुमच्या तोडलेल्या बेटाचंच हाय हे."

"आईला तुम्ही सांगाल?"

"मी खणणारा. सांगायचं तुमी."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "तिकडूनच आलंय ना, दादा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे बघून होकारार्थी मान हलवली. चहा खाली ठेवून आई तशीच काकूंच्या फाटकाकडे निघाली.

चहाला हात न लावता त्याने खड्डा बुजवायला घेतला. तो मला पाठीशी घालत होता की त्याला माझी लाज वाटली होती, मला अजून कळत नाही. मी मान का हलवली, तेही.