प्लाय आणि प्लँक

बेस कॅम्पवर पोस्टिंग झाली तेव्हा मी लान्स नायक होतो. काम वायरलेस सेटचं. वरच्या चौकीवरून मागणी आली की चिठ्ठीवर लिहायची आणि स्टोअरमध्ये द्यायची. मग पोर्टर सामान घेऊन चढायचे. चढ तीन तासांचा.

माझी शाळा बोरीची, मराठी. बांधकामाच्या सामानाच्या इंग्रजी शब्दांची माझी सारखी गल्लत व्हायची. सिमेंट आणि काँक्रीट एकच, असं मी महिनाभर समजत होतो. एकदा चौकीनं कुंपणासाठी लोखंडी पिकेट, म्हणजे खुंट, मागितले. मी 'पॅकेट' लिहिलं. स्टोअरकीपरनं ते मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून मी सेटवर 'से अगेन', म्हणजे 'परत सांगा', म्हणायचं टाळू लागलो.

चौकीचे कमांडर हवालदार केशव गिराम, आपल्या पोखर्णीचे. सेटवर नियमानं बोलायचे. शेवटी मात्र एक वाक्य घरच्या बोलीत यायचं, "जेवलास का रे?" मी त्यांना दादा म्हणायचो.

त्या दिवशी बर्फ सुरू होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी सव्वासातला सेट वाजला.

"बंकरचं छत बसायलंय. डिमांड लिही. अर्जंट."

पुढच्या शब्दात खरखर आली. 'प्ल' एवढंच कळलं, मग 'बारा'. स्टोअरकीपर शेजारी उभा होता. 'प्लाय' मला माहीत होतं, घरातल्या कपाटाचं. मागणी परत वाचून दाखवायची, असा नियम होता. मी नुसतं "रॉजर" म्हणालो आणि चिठ्ठीवर 'प्लाय, बारा नग' लिहून दिलं.

प्लँक म्हणजे अखंड लाकूड, दोन इंच जाड, छताचा भार घेणारं. प्लाय म्हणजे चिकटवलेले पातळ थर. हे मला त्या दिवशी कळलं.

अकराला सेटवर दादा आले.

"अरे, हे प्लाय हाय. मी प्लँक म्हणलो व्हतो."

"दादा, चुकलं माझं."

"असू दे. हाय ते ठोकून घेतो. तू प्लँक पाठव."

अकरा वीसला प्लँक घेऊन पोर्टरांची दुसरी तुकडी निघाली. स्टोअरकीपरनं स्वतः ओझं उचललं. मीही जायला निघालो. कॅम्पचे साहेब म्हणाले, "सेट सोडायचा नाही." मला बसवेना. उभ्यानंच दर दहा मिनिटांनी चौकीला हाक देत होतो.

बारा पन्नासला दादा म्हणाले, "दोघं जवान बाहेर काढलेत. मी दारूगोळा काढायलोय."

"तुम्हीही बाहेर या, दादा."

"येतो. दोन पेट्या राहिल्यात."

एक वाजता उत्तर आलं नाही. एक दहालाही नाही. अडीचला तुकडी वर पोचली आणि तुकडीच्या सेटवरून स्टोअरकीपर बोलला. "छत बसलंय. जवान सुखरूप आहेत. हवालदार साहेब आत आहेत."

चार वाजता त्यांना बाहेर काढलं. ते गेले होते.

चौकशीत मी सांगितलं, मागणी परत वाचली नाही. स्टोअरकीपर आपणहून उभा राहिला. "साहेब, हा विचारायला लाजत होता. माझ्यामुळे." मला शिक्षा झाली. ती संपली.

निवृत्त होऊन बोरीला आलो. आजही कुणी फोनवर काही सांगितलं की मी ते परत म्हणून दाखवतो. लोक वैतागतात. पोखर्णीला दादांच्या घरी जायचं म्हणून दोनदा निघालो आणि परभणीच्या स्टँडवरूनच माघारी आलो. तिसऱ्यांदा पोचलो.

वहिनी अंगणात सोयाबीन निवडत होत्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"शब्द काय व्हते ते? परत सांगा."

"प्लाय. प्लँक."

त्यांनी दोन्ही शब्द हळू म्हणून पाहिले.

"मला मोबाइल शिकवला त्यांनी," त्या म्हणाल्या. "एकच गोष्ट धा-धा वेळा विचारायची मी. कधी चिडले न्हाईत. तुमी विचारायचं व्हतं, भावजी."

"हो," मी म्हणालो.