सुभेदारीणबाईंच्या खिडक्या

सुभेदारीणबाई कॉम्प्युटरशी मोठ्यानं बोलायच्या, आणि तेही सासूच्या आवाजात. "आवरलं का न्हाई अजून? बस मग तसाच!" असं एका खिडकीला सुनावून त्या दुसरीकडे वळायच्या. साताऱ्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात नवं आलेलं माणूस आधी दचकायचंच.

काम होतं एका बँकेच्या मेनफ्रेमवर. मेनफ्रेम म्हणजे सगळ्या शाखांचा कारभार एकट्यानं ओढणारा जुना, अवाढव्य संगणक. तो मुंबईत, आम्ही साताऱ्यातून आमच्या पडद्यावरच्या टर्मिनलच्या खिडक्यांतून त्याच्याशी बोलायचो. एका खिडकीत काम लावलं की ते संपेपर्यंत ती अडून राहायची. मी जांभया देत बसायचे. बाई मात्र चार-पाच खिडक्या उघडून या खिडकीतून त्या खिडकीत फिरत असायच्या. मला म्हणायच्या, "भाजी शिजस्तवर भाकरी थापायच्या का पातेल्याकडं बघत बसायचं गं पोरी?" त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरात हुकूम मात्र बाईंचाच चालायचा.

एकदा त्यांच्या मुलीला बघायला सांगलीहून पाहुणे यायचे होते आणि नेमकी त्या दिवशी बाईंना रजा मिळाली नाही. वडूजच्या घरी, आतल्या खोलीत लॅपटॉप मांडून त्या कामाला बसल्या. मी ऑफिसातून फोनवर होते. पाहुणे आले. बाहेर सुभेदार त्यांच्याशी उसाबद्दल बोलत होते. तेवढ्यात एक काम अडकलं आणि त्याच्यामागं बाकीची कामं तुंबली.

"बाई, काय करू?" मी घाबरून विचारलं.

बाईंचा आवाज चढला. "कॅन्सल कर त्याला! लय येळ नुसता बसून हाय, हलत न्हाई का बोलत न्हाई. मागं दुसरे रांगेत थांबल्यात!"

हे सगळं बाहेर पाहुण्यांना ऐकू गेलं, आणि मुलगा खरोखरच आल्यापासून गप्प बसला होता, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. त्याचे वडील उठले आणि चपला शोधू लागले. सुभेदार "आवं, थांबा, थांबा" करत दारात आडवे आले. काय घोटाळा झाला ते कळल्यावर बाईंनी लॅपटॉपच बाहेर आणला आणि पाहुण्यांना ते अडकलेलं काम दाखवायला सुरुवात केली. त्यांना त्यातलं अक्षर कळेना. शेवटी मुलगाच पहिल्यांदा बोलला, "मावशी, रांगेत माझा नंबर कितवा, तेवढं सांगा." चहा घेऊन आलेली मुलगी इतकी हसली, की तिला ट्रे खाली ठेवावा लागला. ते हसू मी फोनवर ऐकलं. लग्न तिथंच ठरलं.

मागच्या वर्षी बँकेनं तो जुना संगणक बंद केला. नव्या कामावर बाई येणार नव्हत्या. शेवटच्या दुपारी एकेक खिडकी मिटत असताना त्यांनी मला विचारलं, "ह्याचं आता काय करत्यात गं?"

"भंगारात जाईल बहुतेक."

शेवटच्या खिडकीत त्यांनी लॉगऑफ टाइप केलं. बोट एंटरवर ठेवलं.

"जाते म्हणू न्हाई," त्या मला म्हणाल्या. मग पडद्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "येते रं बाबा."

आणि एंटर दाबलं.