मागून ओळ उचलणारी

मला खरखर सहन होत नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले, तेव्हापासूनची ही खोड. पंखा कुरकुरला की मी तेलाची बाटली घेऊन स्टुलावर चढते. शांती नगरमधल्या आमच्या मजल्यावर कोणाच्या मिक्सरचं भांडं नीट बसलेलं नाही, हे मला घरबसल्या कळतं. शेजारणी म्हणतात, "भाभीजी के कान बहुत तेज हैं." ते कौतुक नसतं, हेही कळतं.

गेल्या वर्षी माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आमचं माहेर मोरव्याचं, आगरी. आमच्यात लग्नात बायका धवले गातात. एक बाई पुढे होऊन ओळ म्हणते, तिला धवलारीण म्हणतात. दुसरी तीच ओळ मागून उचलते. आमच्या घरची धवलारीण माझी आत्या आणि तिच्या मागे माझी आई. या नणंद-भावजयांनी मिळून अर्ध्या गावाची लग्नं लावली असतील. आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाचीला वरातीत डीजे हवा होता, तो तिने ठरवला. पण हळदीला तिला आजीचे धवले हवे होते.

आई म्हणाली, "मना न्हाय येत."

"अगं, जन्मभर गायलीस की."

"मी मागून गायले. पुढची ओळ कुठली, ते तिच्या ध्यानात. ती बोलायची, मी उचलायची. आता ती न्हाय, तर मी काय उचलू?"

तेव्हा भावाला आठवण झाली. माझ्या हळदीला त्याने नवाकोरा टेपरेकॉर्डर आत्यासमोर ठेवून सगळे धवले टेप केले होते. ती कॅसेट माझ्याच कपाटात, बिस्किटांच्या डब्यात पडून होती. घरातला प्लेअर बंद पडल्यापासून मी ती ऐकलेली नव्हती. खरं सांगायचं तर त्याआधीही क्वचितच. नोकरी करणाऱ्या मला तेव्हा ते गाणं गावंढळ वाटायचं. हे लिहिताना आज लाज वाटते.

जुना प्लेअर मिळेल म्हणून केबिन रोडला चार दुकानं फिरले. चौथ्या दुकानदाराने कॅसेट उलटसुलट करून पाहिली. "आंटी, ये अब कौन सुनता है?"

"मैं सुनती हूँ ना," मी म्हटलं. त्याने माळ्यावरून एक जुना प्लेअर आणि कॉम्प्युटरला जोडायची वायर काढून दिली.

सॉफ्टवेअर फुकटचं होतं. व्हिडिओ बघून बघून शिकले. कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची तर घाई चालत नाही. जेवढा वेळ ती वाजते तेवढा वेळ समोर बसावं लागतं. पडद्यावर आवाजाच्या निळ्या रेघा उमटत होत्या आणि मी जीव मुठीत धरून बसले होते. एकदा पूर्ण उतरली. आणखी स्पष्ट येते का बघू, म्हणून हावरटासारखी पुन्हा लावली, तर प्लेअरने फीत खाल्ली. चुरगळून तिचा पार चोथा झाला. आता जे होतं ते कॉम्प्युटरमध्येच.

आणि त्यात खरखर होती. भांडी, स्टोव्ह, पोरांचा गलका, मागे सतत कुणाची तरी गुणगुण. माझे कान किटले. त्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज स्वच्छ करायची सोय असते. आधी नुसत्या खरखरीचा एक तुकडा नमुना म्हणून दाखवायचा, मग ते तसला आवाज सगळीकडून काढून टाकतं. आत्या सुरू करण्याआधीचा तुकडा मी दाखवला, ती गुणगुण धरून. एक्स्चेंजमध्ये आम्हाला शिकवलेलंच होतं की एका लाइनवर दोन आवाज आले म्हणजे लाइनमध्ये दोष आहे. एकदा बटण दाबलं. बरं वाटलं म्हणून आणखी दोनदा दाबलं आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. उरलीसुरली खरखर जागोजागी पुसत तीन आठवडे हाच उद्योग चालला होता. शेवटी आत्याचा आवाज असा लख्ख झाला की ती पलीकडच्या खोलीत बसून गातेय असं वाटावं. मी स्वतःवरच खूश झाले.

रविवारी मोरव्याला जाऊन आईला ऐकवलं. आई खाटेवर बसली होती, मोबाइल दोन्ही हातांत धरून. आत्याचा आवाज आला तशी तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. एक धवला झाला, दुसरा झाला. मग ती हळूच म्हणाली, "ही एकटीच गाते. मी कुठं हाय यात?"

मी पुन्हा लावलं. आत्या एक ओळ म्हणायची, मग तेवढाच वेळ शांतता. नितळ, माझ्या हातची शांतता. आई कायम आत्याच्या मागे, जरा लांब बसायची आणि खालच्या पट्टीत गायची. सूर धरायला आधी गुणगुणायची. मी खरखरीचा नमुना म्हणून दाखवली ती गुणगुण आईची होती.

"आता गा ना, मी भरते मध्ये," मी घाईघाईने म्हटलं.

"लगीन न्हाय, मांडव न्हाय, उगाच धवला गायचा? तसा गात न्हायत, बाय." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

रिक्षातून परत येताना माझं डोकं चालेना. आई ऐंशीच्या पुढची. तिच्या गाण्याची दुसरी निशाणी आमच्याकडे नव्हती आणि मी, तिची लेक, ती पुसून मोकळी झाले होते. घरी आल्यावर चपलाही न काढता कॉम्प्युटर लावला. एकेक फोल्डर उघडत गेले. पहिल्या दिवशी घाबरत घाबरत, नाव न देता सेव्ह केलेली एक फाइल सापडली. लावली. खरखर, भांडी, स्टोव्ह आणि त्यांच्या मागे आईचा आवाज, तरुण, थोडा घोगरा. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

मग ते सगळं कान देऊन ऐकलं. एकही ओळ आईने सोडलेली नव्हती. फक्त एका ठिकाणी, मुलगी आता दुसऱ्या दारी चालली अशा अर्थाची ओळ आत्या म्हणते आणि मागून काहीच येत नाही. आत्या क्षणभर थांबते आणि तीच ओळ स्वतःच पुन्हा म्हणते. इथे मी काही पुसलेलं नव्हतं. आवाज मुळातच नव्हता. दुसऱ्या दिवशी आईला फोन करून विचारलं.

"तिथं मी गायले न्हाय," ती म्हणाली. "तू पाटावर बसली होतीस. माझा गळाच धरला."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या पाटावर बसून मी मात्र हे कधी आटपतंय, एवढाच विचार करत होते.

मी तिला खरखरीसकटची फाइल ऐकवली. स्वतःचा आवाज ऐकून ती पदराआड हसली. पण हळदीला कुठली लावायची असं विचारलं, तर म्हणाली, "ती साफ केलेली लाव. त्यात माझी जागा मोकळी हाय. मी अजून हाय ना."

हळदीला मांडवात भाचीला पाटावर बसवलं. स्पीकरमधून आत्या पहिली ओळ म्हणाली आणि आईने ती उचलली. आवाज कापत होता, पण जागेवर पडत होता. एकापाठोपाठ एक धवले पुढे सरकत होते आणि ती ओळ कधी येते म्हणून मी धास्तावले होते.

ती ओळ आली. आत्या म्हणाली आणि थांबली. आईने नातीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आवाज आला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तीन आठवडे पुसत आणि मग पुन्हा पुन्हा ऐकत ती ओळ मला पाठ झाली होती. मी जन्मात कधी धवला गायले नव्हते. आत्या दुसऱ्यांदा म्हणायच्या आत मी ओळ उचलली, थोडी बेसूरच. आईने माझा हात धरला आणि पुढची ओळ आम्ही दोघींनी उचलली.

भावाने ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. त्यात पंख्याचा आवाज आहे, पातेली आहेत, कुणीतरी चहा चहा म्हणून ओरडतंय. ती फाइल माझ्या कॉम्प्युटरवर आहे. मी तिला हात लावलेला नाही.