छप्पर फोडून आलेला दगड

लालबागच्या आमच्या चाळीचं पत्र्याचं छप्पर फोडून दगड आत आला, तेव्हा आई बांगडे साफ करत बसली होती. तिचं मनगटच चुरलं. ती किंचाळली आणि माझा धाकटा भाऊ तोच दगड उचलून खाली धावला. शेजारी टॉवर उठतोय. चाळ रिकामी करायला बिल्डर आता दगडही मारणार, असं आमच्याकडे कधीपासून बोललं जात होतं. भावाने टॉवरच्या वॉचमनची कॉलर धरली. "घे तुझा दगड!" म्हणत तोंडावर हाणला. एकदा हाणून थांबला असता तर! दात पडले, डोळा फुटला, तरी हा मेला हाणतोच आहे. शेवटी दगड हातातून सुटून फरशीवर आपटला, दुभंगला, आणि लोकांनी भावाला मागे ओढलं.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. तुकडे उचलून बघितले. बाहेरून काळी, पातळ, जळकी साल. आतून राखाडी, त्यात मोहरीएवढे गोल दाणे आणि लोखंडाचे चमचमते कण. अरे देवा, हा बिल्डरचा दगड नव्हताच!

पोलिसांना विचारून एक कपची प्रयोगशाळेत नेली. कागदाहून पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. यंत्राने लोखंडात निकेल दाखवलं. उल्कापाषाणच होता. ते दाणे आपल्या पृथ्वीहूनही जुने, आणि सालीवर वॉचमनचं सुकलेलं रक्त.

भाऊ कोठडीत होता. वकील म्हणाला, दगड आधी वॉचमननेच मारला असं ठरलं तर सोडवतो. आईने प्लास्टरचा हात टेबलावर आपटला.

"बिल्डरचो दगड म्हणान सांग गो! दगडाक कोण विचारता? माझो झील आत आसा!"

"त्या माणसाचा डोळा गेलाय, आये!" मी ओरडले.

तिने डाव्या हाताने माझ्या थोबाडीत दिली. गाल चरचरत होता, तशीच पोलीस चौकीत गेले आणि खरं ते सांगून आले.

तिथून हॉस्पिटलात. वॉचमनच्या ओठांना टाके होते. मी म्हटलं, "वो पत्थर आसमान से गिरा था. हमने जाँच की है. आपने नहीं मारा."

त्याने उरलेला डोळा माझ्याकडे वळवला.

"मैंने नहीं मारा, वो तो मेरेको उसी टाइम मालूम था, मॅडम."